जुनी होडी, जुनं आउटबोर्ड: पहिल्या वर्षात काय काय करायचं

खाडीकाठी घर असलं की कधी ना कधी कोणीतरी विचारतंच, "फायबरची होडी काढायची आहे, इंजिनासकट. घेताय का?" मालवण, देवगड, वेंगुर्ला पट्ट्यात असे प्रश्न मे महिन्यात जास्त येतात, कारण पावसाळ्यात होडी सांभाळायची कटकट विकणाऱ्याला नको असते. किंमत ऐकून आपण हो म्हणतो. इंजिनाच्या टोपावर नवा रंग असतो, तो बघून आणखी खूश होतो.

हा लेख अशा लोकांसाठी आहे: १५ ते २० फुटी फायबरची होडी, मागे ८ ते ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन, दोरी ओढून सुरू होणारं. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचं ऑइल वेगळं बदलावं लागतं आणि रॉकेलवरच्या इंजिनाची सुरू-बंद करायची रीत वेगळी असते. बाकी बरंचसं सारखंच.

एक गोष्ट आधीच सांगतो. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं इंजिन, चालून चालून झिजलं म्हणून भंगारात गेलं, असं क्वचित होतं. आत खारं पाणी सुकतं, टाकीत जुनं पेट्रोल राहतं, त्यानं ते जातं. त्यामुळे "किती तास चाललंय?" यापेक्षा "मागच्या पावसाळ्यात कुठे नि कसं ठेवलं होतं?" हा प्रश्न जास्त कामाचा. पैसेही त्याच क्रमानं खर्च करा: आधी पाण्याचा पंप, गिअर ऑइल आणि इंधनाची नळी, मग होडीची मागची फळी, रंग सगळ्यात शेवटी.

१. पैसे देण्याआधी

विकणाऱ्याला सांगा, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर टोप काढून सिलिंडरच्या डोक्याला हात लावा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, पूर्ण गार होऊ द्या. गार इंजिन किती ओढण्यांत सुरू होतं, ते तुम्हाला बघायचं आहे. आधी तापवून ठेवलेलं इंजिन कोणाच्याही हातानं सुरू होतं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. गेज मेस्त्रीकडे असतो, त्यालाच सोबत न्या. त्याची मजुरी वसूल होते. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा. दोन्ही सिलिंडर जवळपास सारखे हवेत. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर किंमत कमी करण्याची नाही, उठून यायची वेळ आहे.

इंजिनाचा पाण्यात जाणारा भाग म्हणजे पाय. त्याच्या खालच्या भागात, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर, गिअरबॉक्स असतो. त्याचा खालचा स्क्रू किंचित सैल करून चार थेंब पांढऱ्या ताटलीत घ्या. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून इंजिन रात्रभर उभं असेल तर आधी पाणीच बाहेर येतं. तेल काळपट-तपकिरी आलं तर ठीक. दुधाच्या चहासारखं आलं तर सील गेलंय आणि आत खारं पाणी फिरतंय. विकणाऱ्याचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा असतो.

होडीची मागची फळी, म्हणजे जिथे इंजिन अडकवतात ती, बाहेरून फायबर आणि आतून बहुधा लाकूड असते. लाकडी दांडा घेऊन ती सगळीकडे ठोकत जा. टणटणीत आवाज येत येत मध्येच बद्द झाला की आत लाकूड कुजलंय असं समजा. मग इंजिनाचा पाय धरून वर-खाली जोर द्या. फळी लवताना दिसली तर दुरुस्तीचा खर्च इंजिनाच्या बरोबरीनं जाऊ शकतो.

इंजिन त्या होडीला मापाचं आहे का, हेही बघा. आखूड पायाचं इंजिन साधारण १५ इंची फळीला लागतं, लांब पायाचं २० इंची. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. ती वर राहिली तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं ओरडतं आणि होडी हलत नाही. खूप खाली गेली तर होडी जड चालते.

२. कागद

मासेमारीच्या होडीची नोंदणी आणि परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडे, हौसेच्या किंवा प्रवासी होडीची महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. मासेमारीची होडी हौसेसाठी घेताय तर हा बदल कागदावरही व्हायला हवा. जवळच्या बंदर कार्यालयात आधी जाऊन विचारा, मग व्यवहार करा. उलट केलंत तर दोन्हीकडे हेलपाटे.

विकणाऱ्याकडून घ्यायचं ते असं:

- होडीचं मूळ नोंदणी प्रमाणपत्र, आणि त्यावरचा क्रमांक होडीवर रंगवलेल्या क्रमांकाशी जुळवून
- इंजिनाची खरेदीची पावती. इंजिनाचा क्रमांक फळीला अडकवायच्या ब्रॅकेटवरच्या पत्र्यावर असतो, तो पावतीशी जुळवून
- विक्रीचा करारनामा, दोन साक्षीदारांसह
- विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत
- विमा असेल तर त्याची कागदपत्रं
- कर्ज नसल्याचा किंवा फिटल्याचा दाखला

शेवटचा कागद लोक विसरतात. होड्या आणि इंजिनं मच्छीमार सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जावर घेतलेली असतात, आणि हप्ते थकलेली होडी विकायला निघणं नवीन नाही. क्रमांकाचा पत्रा खरवडलेला किंवा गायब असेल तर इंजिन कितीही चांगलं असू दे, घेऊ नका. आउटबोर्ड चोरीला जातात.

३. हत्यारं नि सामान

घरात हे ठेवा: ८ ते १९ एमएमचे पाने, प्लगचा पाना, मोठा रुंद तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर (गिअर ऑइलचे स्क्रू बारीक ड्रायव्हरनं हमखास खराब होतात), पक्कड, मरीन ग्रीस, गंज सोडवणारा स्प्रे, गिअर ऑइल भरायचा हातपंप, मापाचा मग आणि गोड्या पाण्याचं मोठं पिंप.

होडीत हे: दोन नवे प्लग, प्लगचा पाना, पंख्याची पिन आणि स्प्लिट पिन, सुरू करायची जादा दोरी, पक्कड, सुरी. सगळं झाकणाच्या डब्यात. आणि त्या इंजिनाच्या मॉडेलचं मॅन्युअल मिळवा, इंटरनेटवर मिळतं. पुढे मी जिथे जिथे "मॅन्युअल बघा" म्हणतो, तिथे अंदाज चालत नाही.

४. पाणी: सगळ्यात आधी पंप

आउटबोर्ड थंड होतं ते बाहेरच्याच पाण्यानं. पायात एक लहान पंप असतो, त्यात रबराच्या पाकळ्यांचं चक्र, म्हणजे इंपेलर. तो पाणी वर ढकलतो, ते इंजिनात फिरतं आणि त्यातली एक बारीक धार मागे बाहेर पडते. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी. इंजिन सुरू केल्यावर पहिली नजर तिच्यावर, आणि होडी चालवतानाही अधूनमधून मागे वळून बघायची सवय लावा.

रबर पाण्याशिवाय फिरलं की काही सेकंदांत पाकळ्या घासून जातात. म्हणून अंगणात "जरा सुरू करून दाखवतो, पाचच सेकंद" म्हणणाऱ्याचा हात धरा. पिंपात पाय बुडवून, पाणी त्या आडव्या पट्टीच्या वर येईल असं बघूनच सुरू करायचं.

जुनं इंजिन घेतलंत तर इंपेलर न विचारता बदला. "मागच्याच वर्षी बदललाय" हे ऐकायला येईल; तरी बदला. भाग महाग नाही. खरी परीक्षा पाय उतरवण्याची आहे:

प्लगच्या वायरी काढून ठेवा. गिअर कुठल्या स्थितीत हवा ते मॅन्युअलमध्ये बघा. पायाचे बोल्ट सोडवा. काही मॉडेलांत एक बोल्ट पंख्याच्या वरच्या छोट्या फिनच्या मागे लपलेला असतो, तो न दिसल्यामुळे लोक पाय हातोड्यानं ठोकत बसतात. बोल्ट मिठानं धरला असेल तर जोर करू नका. स्प्रे मारा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मारा, थोडं घट्ट करून मग सैल करा. अ‍ॅल्युमिनियमच्या आत तुटलेला बोल्ट काढून घ्यायला जे पैसे जातात, त्यात चार इंपेलर येतील.

गिअरची दांडी सोडवली की पाय खाली येतो. पंपाचं घर उघडा, जुना इंपेलर काढा आणि त्याच्या पाकळ्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो वर नळीत किंवा थर्मोस्टॅटपाशी (इंजिन तापलं की उघडणाऱ्या पाण्याच्या झडपेपाशी) अडकलेला असतो आणि नव्या इंपेलरनंही इंजिन तापतं. इंपेलर फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावर त्याला धरून ठेवणारी एक इवलीशी चावी बसलेली असते. ती गवतात पडली की दिवस गेला, म्हणून खाली कापड अंथरूनच काम करा.

नवा इंपेलर घरात बसवताना दांडा वरून बघितल्यावर घड्याळाच्या दिशेनं फिरवत ढकला, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वाकतात. दांड्याच्या आट्यांना ग्रीस लावा पण अगदी टोकावर थापू नका; तिथे ग्रीस दाबलं गेलं की पाय वर बसत नाही. पाण्याची नळी तिच्या रबरी गाळ्यात नीट शिरलीय ना, हे बघितल्याशिवाय बोल्ट आवळायचे नाहीत. शेवटी, इंजिन सुरू करण्याआधी पंखा हातानं फिरवून पुढचा, मधला, मागचा असे तिन्ही गिअर पडतात का ते तपासा.

एवढं सगळं करण्याआधी मात्र एक साधी गोष्ट. धार बंद किंवा बारीक असेल तर पंप उघडण्यापूर्वी धारेच्या भोकात जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) घालून बघा. आमच्याकडे कुंभारीण माशी असल्या भोकांत मातीचं घर करते. महिनाभर उभ्या असलेल्या इंजिनात भोक तिनं लिंपलेलं असतं, आणि मालक पंप बदलायला निघालेला असतो.

५. गिअर ऑइल

वर्षातून एकदा, आणि दुधाळ दिसलं तर लगेच. खालचा स्क्रू आधी, मग वरचा. वरचा काढेपर्यंत तेल नीट उतरत नाही. भरायचं मात्र खालून, हातपंपानं, वरच्या भोकातून तेल बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं की आत हवा अडकते आणि अर्धवट भरलेला गिअरबॉक्स पूर्ण भरल्यासारखा वाटतो. भरून झाल्यावर आधी वरचा स्क्रू लावा, मग पंप काढून चटकन खालचा. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घाला. जुने वॉशर पुन्हा वापरून वाचवलेल्या चार पैशांच्या वाटेनंच पाणी आत जातं.

तेल तरीही दुधाळ होत असेल तर पंखा काढून त्याच्यामागे दांड्याभोवती बघा. जुन्या जाळ्याचा धागा नाही तर तंगूस गुंडाळलेला सापडतो. तो सील कापत आत जातो. धागा काढला तरी कापलेलं सील बदलावंच लागतं.

६. इंधन

टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. प्रमाण मॅन्युअल सांगेल. बऱ्याच इंजिनांना ५०:१ लागतं, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिली, २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. तेल डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच घ्या. स्कूटरचं टू-टी ऑइल स्वस्त आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, पण ते हवेनं थंड होणाऱ्या तापलेल्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. आउटबोर्डमध्ये त्याची राख साचते.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि खाडीकाठच्या हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाला बसतं, आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. जुन्या इंजिनांच्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधले रबर हे इथेनॉलचा विचार करून बनवलेले नसतात. ते फुगतात, मऊ होतात. म्हणून पहिल्याच महिन्यात टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी, मधला दाबायचा फुगा आणि फिल्टर बदलून टाका. जुनी नळी वाकवून बघा, बारीक भेगा दिसतील. पेट्रोल लागेल तेवढंच मिसळा आणि तीन-चार आठवड्यांत संपवा. उरलं तर आउटबोर्डमध्ये न ठेवता वेगळं काढा.

इंजिन सुरू होऊन मिनिटाभरात मरतं, फुगा दाबला की पुन्हा चालतं, अशी तक्रार असेल तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. बंद राहिलेला असतो. नसेल तर फुग्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेनं आहे का, ते बघा.

७. प्लग, पंखा, झिंक

प्लग मॅन्युअलमध्ये दिलेल्याच क्रमांकाचे घ्या. दुकानदार "हाच बसतो" म्हणून जवळपासचा देतो. बसतो खरा, पण उष्णतेचा क्रमांक वेगळा असला की एक तर काजळतो नाही तर पिस्टन जाळतो.

पंखा दर दोन-तीन महिन्यांनी काढा, दांड्याला ग्रीस लावा आणि परत बसवा. न काढलेला पंखा दोन वर्षांनी दांड्याला असा चिकटतो की पुलर लावावा लागतो.

पायावर आणि ब्रॅकेटवर राखाडी धातूचे ठोकळे असतात, ते झिंकचे. खाऱ्या पाण्यात झीज त्यांनी सोसायची, म्हणजे इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियम वाचतं. अर्धे खाल्ले गेले की बदला. त्यांच्यावर रंग मारायचा नाही. जुनं इंजिन चकचकीत करून विकणारे नेमका तिथेच रंग फासतात; खरवडून काढा.

८. प्रत्येक फेरीनंतर

गोड्या पाण्याच्या पिंपात पाय बुडवून इंजिन दहा मिनिटं मंद चालवा. गिअर मधलाच, आणि जवळ पोरंबाळं नकोत. पंखा काढून ठेवला तर उत्तम. इंजिन तापल्याशिवाय थर्मोस्टॅट उघडत नाही आणि वरच्या वाटांतलं मीठ धुतलं जात नाही, म्हणून दोन मिनिटांत उरकू नका. विहिरीचं पाणी चालतं, पण खाडीलगतच्या कित्येक विहिरी एप्रिलनंतर मचूळ होतात, चाखून बघा.

शेवटी इंधनाची नळी काढा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडू द्या. मग पाय खाली ठेवून, उभं, पाणी निथळू द्या. टोपाच्या आत ओल्या फडक्यानं पुसून गंजरोधक स्प्रे मारा. एवढं नेमानं केलंत तर मेस्त्रीची गाठ मुख्यतः रस्त्यातच पडेल.

९. निघताना

किल स्विचची, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी, दोरी मनगटाला किंवा जॅकेटला. ती नुसती इंजिनाला लटकवून ठेवण्याची पद्धत सगळीकडे दिसते. माणूस पाण्यात पडला तर होडी त्याच्याभोवती गोल फिरत राहते आणि पंखा चालू असतो. माणशी एक लाइफ जॅकेट, दोन वल्ही, नांगर आणि पुरेशी दोरी, पाणी उपसायला डबा, शिट्टी, बॅटरी, प्लास्टिकच्या पिशवीत फोन. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. फोनमध्ये आणि होडीच्या आतल्या बाजूला रंगानंही लिहून ठेवा.

पहिले काही महिने खाडीतच राहा. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो, तो दरवर्षी जागा बदलतो, आणि ओहोटीच्या वेळी बाहेरून आत येणारी लाट तिथे फुटते. जुन्या इंजिनाला बंद पडायला तीच जागा सापडते. तिथून कधी जायचं, कुठल्या बाजूनं जायचं, हे गावातल्या मच्छीमाराला विचारा. त्याला ते सांगायला आवडतं.

१०. पावसाळा

यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. हौसेची होडी त्यात येत नसली तरी समुद्र सगळ्यांना सारखाच. मे संपता संपता होडी वर घ्या, पालथी घाला किंवा तळाचं बूच काढून नाळ (पुढचं टोक) उंच ठेवा, आणि झापांनी किंवा ताडपत्रीनं शाकारा. ताडपत्री होडीला चिकटवू नका, खाली हवा खेळू द्या.

इंजिन उतरवा. गोड्या पाण्यात धुऊन, पेट्रोल संपवून, प्लग काढा. प्रत्येक भोकात चमचाभर टू-स्ट्रोक तेल घाला, किल स्विचची चाप काढून दोरी हलकेच दोन-चारदा ओढा आणि प्लग परत लावा. गिअर ऑइल आत्ताच बदला, ऑगस्टमध्ये नाही; आत पाणी असेल तर ते दोन महिने बेअरिंगांवर बसून राहतं. मग मांगरात (घराबाहेरच्या पडवीवजा खोपीत) लाकडी घोडीवर उभं अडकवा. आडवं ठेवलंत आणि पाय डोक्यापेक्षा वर राहिला, तर पायातलं उरलेलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. इंधनाची नळी काढून वेगळी टांगा, उंदरांना तिची चटक असते.

सुटे भाग जुलैतच मागवा. नारळी पौर्णिमेच्या आसपास अख्खा किनारा इंजिनं सुरू करत असतो आणि मेस्त्री कोणाचा फोन उचलत नाही.

११. इंजिन पाण्यात पडलं तर

फळीवरचे स्क्रू सैल झाले, नाही तर होडी उलटली. म्हणून इंजिनाला होडीच्या कडीशी बांधलेली साखळी कायम हवी. तरीही बुडालंच, तर बाहेर काढल्यावर घाई लागते ती पुढच्या तीन-चार तासांत. बुडताना इंजिन चालू असेल तर दोरी ओढू नका. आत पाणी दाबलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो, ते मेस्त्रीनंच उघडावं. बंद असताना बुडालं असेल तर टोप काढून गोड्या पाण्यानं भरपूर धुवा, प्लग काढा, इंजिन प्लगची भोकं खाली येतील असं धरून दोरी सावकाश ओढत पाणी काढा. कार्ब्युरेटर रिकामा करा, सिलिंडरमध्ये तेल घाला, नवे प्लग आणि ताजं पेट्रोल घेऊन पिंपात सुरू करा, आणि अर्धा तास चालू द्या.

मेस्त्री दुसऱ्या दिवशीच येणार असेल तर इंजिन अंगणात वाळत ठेवू नका. हवा लागली की गंज तासाभरात धरतो. तो येईपर्यंत अख्खं इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा.